सेल झिजतो तो घरातच

रीब्रीदर म्हणजे सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा श्वासाला देणारं डायव्हिंगचं यंत्र. त्यातला ऑक्सिजन मोजणारे सेल महाग पडतात. शारजात मागवून हातात येईपर्यंत त्यांच्या आयुष्यातले काही आठवडे गेलेलेही असतात. म्हणून ओळखीचे डायव्हर विचारतात, सेल जास्त टिकावेत म्हणून तू काय करतेस? मी सांगते, पाण्याखालची काळजी नंतर करा, आधी घरातली करा.

सेल म्हणजे छोटी बॅटरी. आत शिशाचा ॲनोड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण, तोंडाशी टेफ्लॉनचा पातळ पडदा. पडद्यातून ऑक्सिजन शिरतो, शिशाचं ऑक्साइड होतं आणि त्यातून मिलिव्होल्ट मिळतात. यंत्र बंद केलं म्हणून हे थांबत नाही. झीज ठरते ऑक्सिजनचा दाब (बारमध्ये) गुणिले तास यावर. आता हिशेब मांडा. वर्षाला 100 तास डायव्हिंग, 1.3 बारवर, म्हणजे 130 बार-तास. उरलेले 8,660 तास सेल कपाटातल्या हवेत, 0.21 बारवर: 1,800 च्या वर. पाण्यातला वाटा दहावा हिस्सासुद्धा भरत नाही.

म्हणूनच डाइव्हनंतर लूपमध्ये, म्हणजे श्वास फिरतो त्या बंद नळ्यांत, ऑक्सिजन तसाच कोंडून ठेवलेला दिसला की माझा जीव वरखाली होतो. बारा तास शुद्ध ऑक्सिजनमध्ये राहिलेल्या सेलची झीज तासा-तासाच्या नऊ डाइव्हइतकी होते. मी किनाऱ्यावरच लूप उघडते, हवा खेळवते. घरी आल्यावर सेल काढून सावलीत वाळवते. पडद्यावर थेंब राहिला तर सेलने दाखवलेला आकडा अडकून बसतो. पण तो पुसायला बोट लावायचं नाही आणि हेअर ड्रायर तर नाहीच.

दुसरा शत्रू ऊन. फुजैराच्या किनाऱ्यावरून परतताना जेवायला थांबलो की सेलचा डबा माझ्याबरोबर आत येतो. इथल्या उन्हाळ्यात बंद गाडीची भट्टी होते. उष्णतेत पडद्यातून ऑक्सिजन जास्त शिरतो. आकड्यातली वाढ सर्किट सावरून घेतं, शिशाची झीज कोण सावरणार? शिवाय द्रावणातलं पाणीही उडतं. फ्रीझर हा यावरचा उपाय नव्हे, द्रावण गोठलं तर सेल कायमचा जातो. ऑक्सिजन लागू नये म्हणून काहीजण सेल आर्गॉन वायू भरलेल्या पिशवीत ठेवतात. मी ठेवत नाही. बाहेर काढल्यावर आकडा स्थिरावायला वेळ लागतो, आणि सेलवरची तारीख काही पुढे सरकत नाही.

तारखेच्या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही. वापरायला घेतल्यापासून बारा महिने झाले की सेल बाद, मग हवेत तो कितीही छान आकडा दाखवो. हवेत 10 मिलिव्होल्ट देणाऱ्या सेलने शुद्ध ऑक्सिजनमध्ये 48 च्या आसपास द्यायला हवेत. म्हातारा सेल 41 वरच अडतो. असा सेल खोल पाण्यात 1.6 बार ऑक्सिजनला 1.2 म्हणतो, यंत्राची झडप ऑक्सिजन सोडत राहते आणि जादा ऑक्सिजनने डायव्हरला पाण्याखाली आकडीसारखे झटके येऊ शकतात. यंत्रातल्या तीन सेलपैकी दोन असे मिळून चुकले, तर बहुमत मानून यंत्र खरं सांगणाऱ्या तिसऱ्यालाच बाजूला काढतं.

यासाठी तिन्ही सेल एका लॉटचे, एका वयाचे नकोत. मी दर चार महिन्यांनी एक बदलते आणि बसवल्याची तारीख मार्करने त्याच्या पाठीवर लिहिते. काढलेल्यावर लगेच मोठी फुली, म्हणजे तो स्पेअरच्या डब्यात परत जात नाही. आत शिसं आहे, त्यामुळे तो कचऱ्यात न टाकता जुन्या बॅटऱ्यांबरोबर द्यायचा.