पंचेचाळिशीतला विसर

आज चोपड्याच्या तपासणी शिबिरात दिवसभर एकच तक्रार: ४५ व्या वर्षीच विसरायला होतं. मोटार बंद करायची राहिली, तर बहुधा अपुरी झोप, ताण. पण रोजचा ठिबकचा व्हॉल्व्ह कसा फिरवायचा हेच सुचेना, तर डॉक्टरांकडे जाच. बी १२, थायरॉईड, साखर तपासा. शाकाहारी घरांत बी १२ बऱ्याचदा कमी निघतं, उपचाराने भरूनही येतं. झोपेच्या, ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही विसर पडतो, म्हणून गोळ्यांची पिशवी सोबत न्या. अशा तक्रारींत पुढे डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) धोका थोडा जास्त असतो, तरी बहुतेकांना तो होत नाही. हा धोका कमी ठेवायला चाळिशीपासून बीपीचा वरचा आकडा १३० च्या आत हवा. आणि कान! नीट ऐकूच आलं नाही तर लक्षात काय राहणार? घरचे मात्र म्हणतात, "आबा विसरतात." मशीन लावायला लाजू नका, मंडळी.