मुनीरला जेवायला मी बोलावलं नव्हतं

"तुमची अमेरिका अशी का वागते गं? इकडे मोदींना मिठ्या, तिकडे पाकिस्तानला विमानं!"

अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला राहायला आल्यापासून हा प्रश्न मला चुकलेला नाही. भारतात आले की लग्नाच्या पंगतीत, रिक्षात, डेंटिस्टच्या खुर्चीत तोंड उघडं असताना. माणसं शिकलेली असतात, बातम्या माझ्याहून जास्त बघतात. तरी माझ्याकडे अशा नजरेने पाहतात की जणू एफ-16 लढाऊ विमानांची फाइल माझ्या सहीसाठी अडकलीय. विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. पुढच्या वेळी लिंक पाठवीन.

आधी माझ्या हातात काय आहे ते सांगते. मी न्यू जर्सीत मत देते. 1992 पासून राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रत्येक निवडणुकीत हे राज्य डेमोक्रॅट उमेदवाराकडे गेलंय. मी कुणाला मत दिलं हे विचारू नका, त्याने काडीचा फरक पडलेला नाही. सप्टेंबर 2022 मध्ये, म्हणजे बायडन असताना, पाकिस्तानच्या एफ-16 च्या देखभालीसाठी 45 कोटी डॉलरचा प्रस्ताव अमेरिकी संसदेला कळवला गेला. तेव्हा मी आमच्या प्रतिनिधीच्या ऑफिसला फोन केला होता. एका तरुण मुलाने झिप कोड विचारला, "विरोधात" असं नोंदवलं, "आणखी काही?" म्हणाला. आणखी काही नव्हतं. असला विक्रीप्रस्ताव ठराव करून अडवणं संसदेला आजवर एकदाही जमलेलं नाही. 2019 मध्ये सौदी अरेबियाच्या बाबतीत दोन्ही सभागृहांनी ठराव केले, त्यावर ट्रम्पनी नकाराधिकार वापरला. तिथे सिनेटर हात टेकतात, मी कोण लागून गेले!

आता "का वागते" याचं उत्तर. मला जे कळलंय ते असं की अमेरिका एक नाहीच. तिच्या लष्कराने सगळं जग कमांडमध्ये वाटून घेतलंय. पाकिस्तान सेंट्रल कमांडमध्ये येतो, तिचं मुख्यालय फ्लोरिडात टॅम्पाला. भारत इंडो-पॅसिफिक कमांडमध्ये, ती हवाईत. दोघांमधली हद्द आपल्या वाघा सीमेवरूनच जाते. रस्त्याच्या अलीकडे एक वॉर्ड ऑफिस आणि पलीकडे दुसरं, असला प्रकार. टॅम्पाच्या जनरलला चीनचं काही पडलेलं नाही, त्याला इराण आणि अफगाणिस्तान दिसतं. म्हणून पहलगामच्या हल्ल्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा 10 जून 2025 ला टॅम्पाचे तेव्हाचे प्रमुख जनरल कुरिला अमेरिकी संसदेच्या समितीपुढे पाकिस्तानला दहशतवादविरोधी लढ्यातला अप्रतिम भागीदार म्हणाले. का? तर 2021 मध्ये काबूलच्या विमानतळावर तेरा अमेरिकन सैनिक मारले गेले, त्या कटातला एक आरोपी पाकिस्तानने पकडून दिला होता. त्याआधीची वीस वर्षं घ्या. अफगाणिस्तानातल्या अमेरिकन फौजेचा दाणागोटा कराची बंदरात उतरून तोरखम नि चमन या सीमेवरच्या नाक्यांमार्गे जायचा. नोव्हेंबर 2011 मध्ये नाटोच्या हल्ल्यात चोवीस पाकिस्तानी सैनिक मेले. पाकिस्तानने तो रस्ता सात महिने बंद ठेवला, आणि अमेरिकेला उत्तरेकडून, मध्य आशियातून, महागात माल न्यावा लागला. ज्याच्या अंगणातून रस्ता जातो त्याला पैसे मिळतात. त्यात प्रेम शोधू नका.

हे सगळं मला पाठ आहे. आणि हेच सगळं मी गेल्या वर्षी डोंबिवलीत माझ्या आतेभावाच्या, म्हणजे दादाच्या, घरी म्हणून दाखवलं.

जून 2025. 18 तारखेला वॉशिंग्टनमध्ये ट्रम्पनी पाकिस्तानच्या लष्करप्रमुखाला, फील्ड मार्शल असीम मुनीरला, व्हाइट हाऊसमध्ये जेवायला बोलावलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दादाकडे. बाहेर धो धो पाऊस, टीव्हीवर तेच. दादाचे दोन मित्र बसलेले. वहिनी थालीपिठं आणून वाढत होती. मी चपला काढतेय तोच दादा म्हणाला, "या! काय गं, तुमच्या साहेबांनी मुनीरला जेवू घातलं म्हणे. मेन्यू काय होता?"

सगळे हसले. मीही हसले. मग थालीपीठ हातात घेऊन मी सुरू झाले: टॅम्पा, हवाई, कराची बंदर. इस्रायल-इराण युद्ध पेटून आठवडाही झाला नव्हता. इराणला लागून पाकिस्तानची लांबच लांब सीमा आहे, तेव्हा ट्रम्पना मुनीर हवा असणारच, असंही सांगितलं. वर हेही की याच सरकारने एप्रिलमध्ये तहव्वूर राणाला 26/11 साठी भारताच्या ताब्यात दिलं. दादाचा एक मित्र मान डोलवत होता. मला वाटलं, पटतंय.

वहिनी तव्यापाशी परत गेली नव्हती. झारा हातात धरून दारात उभी होती. ती म्हणाली, "ते सगळं ठीक गं. पण जेवताना त्याला कुणी पहलगामचं विचारलं का?"

पहलगामला गेलेल्या सव्वीस जणांत डोंबिवलीचे तिघे होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यांना भागशाळा मैदानावर आणलं तेव्हा वहिनी त्या गर्दीत उभी होती. तिची त्यांच्याशी ओळख नव्हती. ती भाजी घेऊन येताना जावं तशी गेली आणि रात्री परतली.

मी म्हटलं, "ट्रम्प बाहेर येऊन म्हणाले की, युद्धात न पडल्याबद्दल आभार मानायला बोलावलं होतं."

"आभार," वहिनी म्हणाली, आणि आत गेली.

तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण दादा म्हणाला, "तू वकिली त्यांचीच करणार. पासपोर्ट बदललास त्या दिवशीच संपलं." मित्रांसमोर. आत्या कोपऱ्यात जपमाळ ओढत होती, ती "अरे, अरे" म्हणाली. मला बोलायला शब्द मिळेना. टॅम्पा-हवाई सगळं घशात.

आणि ज्या खोलीत हे चाललं होतं त्याच खोलीत, दिवाणाच्या टोकाला, दादाचा मुलगा मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसला होता. त्याला टेक्सासात एम.एस.ला प्रवेश मिळालेला. मेअखेरीस अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या वेळा देणं थांबवलं होतं आणि पोरगा लटकला होता. ज्या दिवशी मुनीर जेवले त्याच दिवशी परराष्ट्र खात्याने जाहीर केलं की, मुलाखती पुन्हा सुरू, मात्र अर्जदाराने आपली समाजमाध्यमांवरची सगळी खाती सर्वांना दिसतील अशी उघडी ठेवायची. कारण दिलं होतं राष्ट्रीय सुरक्षेचं. तर हा बसून इन्स्टाग्राम पब्लिक करत होता. मला हळूच म्हणाला, "आत्या, मे महिन्यातल्या स्टोऱ्या हायलाइट करून ठेवल्यात. ऑपरेशन सिंदूरच्या. एकात ट्रम्पला शिव्या आहेत. उडवू की राहू देऊ? उडवल्या तर संशय येईल का?"

दादाने टीव्हीचा आवाज कमी केला. "हो, ते सांग बाई. तुझी तिकडे कुणाशी ओळख आहे का?"

मला राग आला, अजूनही येतो. पाच मिनिटांपूर्वी मी परकी होते आणि आता मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये माझा मामा बसला होता. मी ते तोंडावर बोलले नाही. "शिव्या तेवढ्या उडव," असं पोराला सांगितलं आणि थालीपीठ संपवलं.

पण मग दादाचं सगळंच चूक का? त्याचा एक मुद्दा मला झटकता येत नाही. 2008 च्या ऑक्टोबरात भारत-अमेरिका अणुकरारावर सह्या झाल्या तेव्हा याच दादाला फोन करून "बघ, आमच्या अमेरिकेने केलं की नाही" असं मीच म्हणाले होते. 2019 ला ह्यूस्टनच्या स्टेडियमात मोदी आणि ट्रम्प हातात हात घालून फिरले, तेव्हाही माझी छाती फुगली होती. तेव्हा झिप कोड आणि "माझ्या हातात काय आहे" कुठे गेलं होतं? त्या वेळच्या मला विचारलं तर ती म्हणेल, चांगल्याचं कौतुक करायला हातात काही असावं लागत नाही. आजची मी तिला म्हणते, मग वाइटाच्या वेळी गप्प बसून ऐकून घे. तीही ऐकत नाही, मीही नाही.

आणि खरं सांगायचं तर टॅम्पा-हवाईची माझी मांडणीही पुढच्या दोन महिन्यांत लंगडी पडली. जुलैमध्ये याच सरकारने पहलगामची जबाबदारी आधी घेऊन नंतर झटकणाऱ्या टीआरएफला (द रेझिस्टन्स फ्रंट) परकीय दहशतवादी संघटना ठरवलं. मी दादाला ताबडतोब ती बातमी पाठवली. त्याने अंगठा पाठवला. मग महिनाअखेरीस पाकिस्तानवर 19 टक्के आयातशुल्क ठरलं आणि आपल्यावर 25. रशियाच्या तेलावरून आणखी 25 लादले गेले, त्या वर्षी 27 ऑगस्टपासून एकूण 50 झाले. ते कुठल्या कमांडच्या नकाशात बसतं? ट्रम्पना मे महिन्यातल्या भारत-पाक शस्त्रसंधीचं श्रेय हवं होतं. पाकिस्तानने त्यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं, आपण म्हणालो मध्यस्थी झालीच नाही. आपण खरं बोललो आणि महागात पडलो, असं मला वाटतं. पण 1 जानेवारी 2018 ला याच ट्रम्पनी लिहिलं होतं की, पाकिस्तानला 33 अब्ज डॉलर देऊन बदल्यात खोटेपणा आणि फसवणूक मिळाली. त्या वर्षी मदतही रोखली होती. तेव्हा तुम्ही मला फोन करून शाबासकी दिली नव्हतीत, हे नोंदवून ठेवते.

माझा नवरा म्हणतो, एवढी चिरफाड कशाला, पाकिस्तानचा एक एक डॉलर बंद करा, संपलं. मी म्हणते, केलं होतं ना एकदा. 1990 मध्ये प्रेसलर दुरुस्तीखाली, म्हणजे पाकिस्तानला अणुबॉम्बपासून रोखायच्या कायद्याखाली, मदत थांबवली, पैसे भरलेली एफ-16 विमानंसुद्धा दिली नाहीत. 1998 ला त्यांनी अणुस्फोट केलेच, कारगिलही केलं. तो म्हणतो, ते तुझं नेहमीचं.

इथल्या लोकांना यातलं काही विचारून बघा. नोव्हेंबर 2025 मध्ये आमच्याकडे गव्हर्नरची निवडणूक झाली, प्रचारात सगळीकडे विजेची बिलं. शेजारची बाई मला विचारते की पाकिस्तान आणि भारताचं नेमकं काय बिनसलंय, आणि मी पाणी घालायच्या नळीशी उभं राहून फाळणीपासून सुरू करते. तिला पाच मिनिटांत कंटाळा येतो. तिच्याही मताचं वजन माझ्याइतकंच.

2026 च्या नोव्हेंबरात मध्यावधी निवडणूक आहे. मी जाईन, मत देईन. मतपत्रिकेवर पाकिस्तानचा रकाना नसतो. असता तरी खूण कुठे करायची यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही.