भुसावळहून आणलेला हायड्रो

पौष महिन्यात भुसावळला जाऊन मी एक जुना हायड्रो घेऊन आलो. लाँड्रीत किंवा डाईंगमध्ये काम केलेल्यांना हायड्रो म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो : धुतलेले कपडे गरगर फिरवून पाणी काढणारं, तीन खांबांवर टांगलेलं बिडाचं गोल यंत्र. माझ्या वडिलांची धुळ्यात लाँड्री होती. ती बंद झाली तेव्हा मी नववीत होतो. आमचा हायड्रो भंगारवाल्याने घणाने फोडून नेला, तो आवाज अजून कानात आहे. तेव्हापासून अशी यंत्रं दिसली की माझा पाय निघत नाही. आता घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तीन आहेत, हा चौथा.

पहाटे साडेपाचला निघालो. सोबत नाना, गिरणीत फिटर म्हणून उभी हयात घालवलेले, आणि भाड्याचा छोटा हत्ती. पारोळा, एरंडोल, पाळधी करत जळगाव साधारण नव्वद किलोमीटर, तिथून नशिराबादवरून भुसावळ आणखी पंचवीसेक. जायचं असेल तर थंडीतच जा. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. तेव्हा उघड्यावर पडलेल्या लोखंडाला हात लावता येत नाही, आणि हात न लावता हे यंत्र पारखता येत नाही.

यार्डात यंत्र भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं, बास्केटमध्ये, म्हणजे कपडे ज्यात फिरतात त्या आतल्या भोकाभोकांच्या टोपलीत, पालापाचोळा. मालक म्हणाला चालू आहे, फक्त पट्टे नाहीत. मी लगेच भावाचं बोलायला लागलो, तर नानांनी दंड धरला. "आधी हात लाईसन देख." मग त्यांनी बास्केटच्या कडेवर दोन बोटं ठेवली आणि ती इतकी सावकाश फिरवली की एक फेरा व्हायला अर्धा मिनिट गेला असेल. डोळे मिटलेले. एका जागी थांबले, थोडं मागे नेलं, परत त्याच जागेवरून पुढे. मला खुणावलं. मी बोटं ठेवली तर त्या जागी बारीक कचकच लागली, भाजीत खडा लागावा तशी. वरच्या बेअरिंगच्या वाटीला खड्डा पडलेला होता. बेअरिंग बदलता येतं, त्यामुळे तेवढ्याने घाबरायचं नाही. पण बास्केट वर-खाली उचलून पाहिली तेव्हा शाफ्ट, म्हणजे बास्केट ज्यावर फिरते तो उभा आस, हलला नाही, हे महत्त्वाचं. शाफ्ट वाकलेला किंवा बेअरिंगच्या बैठकीत झिजलेला असेल तर फुकट दिला तरी घेऊ नका.

बास्केटकडे जास्त वेळ द्या. स्टेनलेस स्टील दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. लाँड्रीत क्लोरीनचं ब्लीच वापरतात, ते स्टेनलेसला भोकांच्या कडेने खातं आणि तिथून केसासारख्या चिरा जातात. आमच्या बास्केटचा व्यास 24 इंच, वेग मिनिटाला सुमारे 950 फेरे. या वेगात कडेला असलेल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या तीनशे पटीहून जास्त जोर येतो. दोन किलोची ओली चादर एका बाजूला साचली तर सहाशे किलोची ओढ. चीर असलेली बास्केट असा जोर सोसताना फुटू शकते. म्हणून मी लाल रंग आणि पांढऱ्या डेव्हलपरचे स्प्रे सोबत नेले होते. जागा घासून कोरडी करायची, लाल रंग मारून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, पुसायचं, मग पांढरा मारायचा. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. मालक वैतागला, पण चहा त्यानेच मागवला. एकही रेघ आली नाही.

वजनकाट्यावर 410 किलो भरलं. 55 रुपये किलोने 22,550 रुपये झाले. कच्ची का होईना, पण पावती मागून घ्या, वाटेत गाडी अडवली तर दाखवायला लागते. चढवताना चेनकप्पी, दोन पहारी आणि लोखंडी पाइपचे तुकडे एवढं पुरलं. दोर खांबांना नव्हे, खालच्या बिडाच्या बुडाला बांधा.

जेवण महामार्गावरच केलं : भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात. थंडीत या पट्ट्यातून जाऊन भरीत न खाता परत आलात तर फेरी अर्धी वाया गेली असं मी मानतो.

चूक परतीच्या वाटेवर झाली आणि ती माझी होती. हायड्रोची कढई, म्हणजे बास्केटभोवतीचं बाहेरचं भांडं, तीन खांबांवर दांड्या-स्प्रिंगांनी लोंबकळत असते, म्हणजे फिरताना ती स्वतःला सावरून घेते. नेताना ही कढई लाकडी ठोकळे ठोकून घट्ट बसवायला हवी. मी बाहेरून आवळली आणि आतलं विसरलो. एरंडोलच्या पुढे एका खड्ड्यात धाडकन आवाज आला. उतरून पाहिलं तर एक दांडी वाकलेली आणि तिची स्प्रिंग हौद्यात पडलेली. नाना काही बोलले नाहीत. तिथेच रस्त्याकडेच्या बाभळीची फांदी तोडून पाचरी केल्या. दांडी नंतर लेथवर नवी करून घ्यावी लागली, तिन्हींची लांबी सारखी ठेवून. तेव्हा निघण्याआधी ठोकळे. हे आधी करा, जेवण नंतर.

घरी आल्यावरचं काम आठ आठवडे चाललं. बेअरिंगवर 6308 असा आकडा होता. शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणलं की आतलं भोक मिळतं, म्हणजे 40 मिलिमीटर. एवढा आकडा वाचता आला तर पन्नास वर्षांपूर्वीच्या यंत्राचंही बेअरिंग आज जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही चांगल्या दुकानात मिळतं. मला या यंत्रांचं प्रेम आहे ते याचसाठी. ब्रेकचा पट्टा मात्र जपून काढा. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं असंच धरून चाला : पाण्याने भिजवायचं, नीट बसणारा मास्क लावायचा, कॉम्प्रेसरची हवा अजिबात मारायची नाही, निघालेलं सगळं पिशवीत बंद. चुन्याचा थर काढायला सायट्रिक अ‍ॅसिड वापरा. संडासाचं अ‍ॅसिड स्टेनलेसला लावू नका, त्याने स्टीलला खड्डे पडतात.

मोटर 3 एचपीची, थ्री फेज. तिची पाटी नीट वाचा. डेल्टा आणि स्टार म्हणजे मोटरच्या आतल्या वेटोळ्यांच्या जोडणीचे दोन प्रकार. पाटीवर 415 व्होल्ट डेल्टा असेल तर घरच्या सिंगल फेजवर साधा व्हीएफडी (सिंगल फेजवरून थ्री फेज करून देणारी पेटी) लावून ती पूर्ण ताकदीने चालणार नाही. 230 डेल्टा, 415 स्टार असं लिहिलं असेल तरच तो मार्ग सोपा. माझी पहिल्या प्रकारची होती, म्हणून मी महावितरणकडून थ्री फेजच घेतलं. वीज देण्याआधी रिवायंडिंगवाल्याकडून मेगर (वेटोळ्यांच्या इन्सुलेशनची तपासणी) करून घ्या, आणि पट्टे चढवण्याआधी मोटर कुठल्या दिशेने फिरते ते पाहा.

पायाबद्दल खास सांगतो, कारण आपली काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर टाकलेला कोबा वर्षात तडकतो. माझ्या शेडमध्ये चार फूट खोदल्यावर मुरूम लागला. तिथून दगडाची सोलिंग, वर काँक्रीट, त्यात फाउंडेशन बोल्ट. एकवीस दिवस पाणी मारलं. पोरांना सुट्टी होती, ते काम त्यांनी आनंदाने केलं.

पोरं घरात आहेत म्हणूनच झाकणाचं कुलूप. जुन्या हायड्रोला बहुतेक वेळा ते नसतं किंवा काढून टाकलेलं असतं, आणि यात हात गेलेली माणसं मी वडिलांच्या धंद्यात पाहिली आहेत. झाकण उघडलं की मोटर बंद, एवढं पुरत नाही, कारण बास्केट नंतरही बराच वेळ फिरत राहते. पूर्ण थांबल्याशिवाय झाकण उघडणारच नाही असं सोलेनॉइडचं (विजेवर चालणारं) लॉक झिरो स्पीड स्विचसह, म्हणजे फिरणं थांबलं की नाही ते ओळखणाऱ्या स्विचसह, लावा. माझ्या हायड्रोची दुरुस्ती झाल्यावरही, हे लॉक येईपर्यंत मी तो बारा दिवस चालवला नाही.

पहिल्यांदा चालवला तेव्हा नाना आले होते. चार ओल्या चादरी कडेने सारख्या लावल्या, झाकण लावलं. क्लच सावकाश पकडतो, त्यामुळे आधी नुसती घरघर, मग कढई जराशी डुलली आणि एका जागी स्थिर झाली. नानांनी भरलेली वाटी झाकणावर ठेवली. पाण्यावर बारीक वलयं उठत होती, पण थेंब बाहेर सांडला नाही.