शेवटचा सीन

रविवार, रात्री उशिरा

झोप येत नाहीये. कारण इतकं किरकोळ की दादाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "एवढंच ना?" हो, एवढंच. पिक्चर संपायच्या आधी थिएटरात लाइट लागले.

आई यायला तयार झाली हेच नवल होतं. इंटरव्हलला पॉपकॉर्नचा भाव ऐकून तिनं नेहमीसारखे डोळे मोठे केले, तेव्हा मला किती बरं वाटलं. पिक्चरही तिच्या पसंतीचा निघाला. शेवटी ती म्हातारी फाटकाशी येऊन उभी राहते, लांबून एस.टी. येताना दिसते, अजून थांबलेली नसते, आणि भक्कन सगळे दिवे. मी आईकडे वळले. पदराचं टोक डोळ्यांना लावलेलं, चष्मा मांडीवर, गाल ओले. दुसऱ्याच क्षणी तिनं पदर खाली घेतला, चष्मा चढवला, "संपला वाटतं, चल" म्हणाली आणि उठलीसुद्धा. खालच्या दारातून झाडूवाली पोरं आत आली होती.

अण्णांच्या मागं ती आमच्यासमोर रडलेली नाही. दहाव्यालाही नाही. अण्णा ज्या थिएटरात ऑपरेटर होते तिथल्या प्रोजेक्टर केबिनच्या किल्ल्यांचा तो जुडगा दादानं काढून ठेवला तेव्हाही नाही. जाऊ दे, त्यावर आज लिहायचं नाही.

थिएटरात वाईट अनुभव काय कमी आले? मे महिन्यात पारा 43 वर आणि डोक्यावरचा पंखा बंद. लोडशेडिंगच्या काळात ऐन मारामारीत अंधार, मग जनरेटर सुरू होईपर्यंत पब्लिकच्या शिट्ट्या. स्प्रिंग वर आलेली खुर्ची. शेवट आधीच सांगून टाकणारे मागच्या रांगेतले काका. यातल्या कशाचंही मला दुःख नाही, उलट घरी येऊन रंगवून सांगायला मजा यायची. आजचं मात्र सांगता येत नाही. काय हिरावलं, तेच नीट बोट ठेवून दाखवता येत नाही. शेवट? तो महिन्याभरात घरी मोबाइलवरसुद्धा दिसेल. आईला अंधारात मिळालेली ती दोन मिनिटं कुठून आणायची?

अण्णांच्या मुलीला हे जास्त लागणारच. लहानपणी त्यांचा डबा घेऊन केबिनमध्ये जायचे तेव्हा त्यांनी मला ठिपका ओळखायला शिकवलं होतं. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका उमटून जातो. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची. सात-आठ सेकंदांनी पुन्हा ठिपका, की या मशीनवरून त्या मशीनवर जायचं, खाली बसलेल्याला कळलंही नाही पाहिजे. 2000 फुटांचं रीळ वीसेक मिनिटं चालतं, म्हणजे शोभर हेच. मधल्या वेळात कार्बनच्या कांड्या जळत जातात, त्यांच्यातलं अंतर सारखं करत राहायचं, नाहीतर पडद्यावरचा उजेड मंदावतो. आणि शो सुटताना हॉलचे लाइट ते एकदम कधीच लावायचे नाहीत. आधी कडेचे, मग जरा थांबून मधले. "बाया डोळे पुसत असतात, त्यांना वेळ द्यायचा," म्हणायचे.

2016 साली 'सैराट' आम्ही त्यांच्यासोबत पाहिला. आपल्या करमाळ्याकडचा पिक्चर, हाउसफुल. झिंगाटला अख्खा हॉल नाचला होता, खुर्च्यांवर उभा राहून. शेवटी ते लेकरू रक्ताची पावलं उमटवत बाहेर येतं आणि आवाज पूर्ण जातो. मागून कुणीतरी ओरडलं, "ए ऑपरेटर, आवाज!" अण्णा मागं वळले आणि शांतपणे म्हणाले, "आवाज गेला नाही बाळा, ठेवलाच नाहीये. बघ नुसतं." तो पोरगा गप्प झाला. सगळी नावं वर जाईपर्यंत तिथं लाइट लागले नव्हते.

आज बाहेर पडताना मी मॅनेजरला गाठलंच. तो म्हणाला, लाइट ऑटोमॅटिक आहेत, मॅडम. ते मलाही माहीत आहे. पिक्चर आता सर्व्हरवर असतो, कितव्या मिनिटाला लाइट लावायचे ते आधीच भरून ठेवता येतं. पण ते मिनिट कुणीतरी माणूसच भरतो ना? त्यानं शेवटपर्यंत बसून पिक्चर पाहिला असता तर एस.टी. थांबायच्या आत लाइट लावले नसते. मी हे सगळं बोलले, आवाज चढवून बोलले. आई लांब उभी राहून पर्समधले सुटे मोजत होती.

झाडूवाल्या पोरावर मात्र राग धरवेना. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, पुढच्या शोचं पब्लिक दारात. "आमाला लाइट लागले की आत जा म्हणत्यात, ताई," म्हणाला. खरंच आहे. त्याला कोण पूर्ण पिक्चर बघू देतंय?

रिक्षात सात रस्त्यापर्यंत आम्ही दोघी गप्प. मग आईच म्हणाली, "एस.टी.तनं तो उतरला असंल का गं?" मी म्हटलं, नसेल. ती म्हणाली, "उतरलाच असणार. तिनं त्याची आवडती भाजी केलती की सकाळी." भाजी माझ्या लक्षातही नव्हती. घर येईपर्यंत आमचा वाद चालला, रिक्षावाल्यानंही आईची बाजू घेतली. खूप दिवसांनी तिचा आवाज असा चढलेला ऐकला.

जेवताना ती म्हणाली, मावशीनं बघितलाय, तिला फोन लावून विचारते. मी म्हटलं, नको विचारूस. बुधवारी दुसऱ्या थिएटरला मॅटिनी आहे, तिकडं जाऊ. हो-नाही काही म्हणाली नाही, पण फोन खाली ठेवला. तिकिटं काढलीत, कडेच्या खुर्च्या.