तुम्ही विचारलंत म्हणून: ‘अजून बोलत नाही का हो?’

सांगलीत डाऊन सिंड्रोम असलेलं लेकरू कडेवर घेऊन हळदीकुंकवाला जा नाहीतर गणपतीच्या देवळात, प्रश्न ठरलेला: ‘अजून बोलत नाही का हो?’ पाठोपाठ सल्ला, वेखंड उगाळून जिभेला लावा. मग कुणीतरी पोक्तपणे म्हणतं, ‘जाऊ द्या, ही मुलं असायचीच अशी.’

वेखंडानं काही होत नाही. पण ‘असायचीच अशी’ हे जास्त महागात पडतं, कारण त्यामागं बरे होणारे आजार लपतात.

डाऊन सिंड्रोम म्हणजे पेशींत एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त. त्यामुळं स्नायू सैल राहतात, तोंडाची पोकळी लहान असते. जीभ हलवायलाच कष्ट पडतात. शिवाय कानाच्या नळ्या अरुंद. सर्दी झाली की पडद्यामागं पाणी साचतं आणि ‘ताट’, ‘पाट’, ‘खाट’ सगळं सारखंच ऐकू येतं. जे नीट ऐकलंच नाही ते बोलणार कसं? जन्मल्यावर कान तपासले, झालं, असं नसतं. लहानपणी दर सहा महिन्यांनी ऐकण्याची चाचणी लागते, पडद्यामागं पाणी आहे का हेही बघावं लागतं. थायरॉईड कमी पडतंय का हे सांगणारी रक्ताची टीएसएच तपासणी जन्मल्यावर, सहाव्या महिन्यात, वर्षाचं झाल्यावर आणि पुढं दरवर्षी. मूल मलूल आहे, पोट साफ होत नाही, तर आधी हा रिपोर्ट बघा. रात्री घोरत असेल, मान मागं टाकून झोपत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. झोप मोडलेलं मूल दिवसा काय शिकणार? अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांच्याकडूनही पुढच्या तपासणीसाठी दवाखान्याची चिठ्ठी मिळते.

पहिले शब्द बरेचदा दोन-तीन वर्षांनी येतात, काहींचे आणखी उशिरा. समज मात्र बोलण्याच्या पुढं असते. म्हणून तोवर खुणा शिकवायच्या: ‘पाणी’, ‘अजून’, ‘बास’. खुणांची सवय लागली की मूल बोलायचं नाही, ही भीती खोटी. शब्द जमला की खूण आपोआप गळते. खूण करताना शब्द तोंडानं म्हणायचा एवढंच.

घरात चुकतं ते वेगळंच. ‘काका म्हण, म्हण ना!’ असा तगादा लावला की मूल तोंड फिरवतं. त्यापेक्षा निवड द्या. एका हातात केळं, दुसऱ्या हातात तासगावची द्राक्षं, दोन्ही त्याच्या डोळ्यांसमोर. ‘केळं, का द्राक्ष?’ एवढंच विचारायचं आणि मनात दहा आकडे मोजायचे. ऐकलेलं समजायला आणि उत्तर जुळवायला त्याला तेवढा वेळ लागतो. आपण तिसऱ्या आकड्यालाच पुन्हा विचारतो, म्हणजे त्याला पहिल्यापासून सुरुवात. आजी तर पाचव्या आकड्याला स्वतःच उत्तर देऊन मोकळी होते. प्रेमानंच, पण त्याची पाळी गेली. त्यानं बोट दाखवलं, नुसतं ‘द्रा’ म्हटलं, तरी ते उत्तर धरायचं आणि लगेच द्यायचं.

द्राक्ष उभं चिरून चार फोडी करूनच. चावण्याचे स्नायूही सैल असतात, अख्खं द्राक्ष घशात अडकतं.