सालावरून ओळख

न्यू जर्सीतल्या आमच्या प्लेन्सबरोहून प्रिन्स्टनला गाडीनं पंधरा मिनिटं लागतात. मेच्या अखेरच्या एका शनिवारी मात्र त्या पंधराचे पन्नास होतात, कारण गावात वाघ शिरलेले असतात. नारिंगी-काळ्या पट्ट्यांचे कोट, नारिंगी टोप्या, नारिंगी मोजे, एका आजोबांच्या मागे तर चक्क शेपूट. वाघ हे प्रिन्स्टन विद्यापीठाचं चिन्ह, आणि हा त्याच्या माजी विद्यार्थ्यांचा वार्षिक मेळा. माजी विद्यार्थी आणि त्यांची माणसं मिळून वीस-पंचवीस हजारांची जत्रा भरते. इतकी वर्षं मी त्याकडे निव्वळ ट्रॅफिक म्हणून बघत आले. या वेळी ऑफिसातली एक मैत्रीण, तिथलीच जुनी विद्यार्थिनी, म्हणाली, ‘चल, पाहुणी म्हणून पट्टा काढते तुझा.’ पट्टा म्हणजे मनगटाला बांधायचा. तो असल्याशिवाय मांडवात शिरता येत नाही. लग्नात अक्षता मिळाल्या की आपण वऱ्हाडी झालो, तसंच.

दुपारी जी मिरवणूक निघते तिला ‘पी-रेड’ म्हणतात. परेडला जोडलेला प्रिन्स्टनचा ‘पी’ म्हणे. पूर्वी येल विद्यापीठाविरुद्धच्या बेसबॉलच्या सामन्याला जुनी मंडळी तुकडी-तुकडीनं, म्हणजे पदवीच्या सालानुसार, चालत जायची, त्यातून ही प्रथा पडली. आता सामना गेला, चालणं उरलं. पुढे पदवीला पंचवीस वर्षं झालेली तुकडी. ते यंदाचे मानकरी. त्यांच्या मागे ‘ओल्ड गार्ड’, म्हणजे पदवी घेऊन पासष्ट किंवा त्याहून जास्त वर्षं झालेले. आणि त्यांच्यामागे उतरत्या वयानं एकेक तुकडी. तरुण तुकड्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहतात, थोरले मधून पुढे गेले की शेपटाला जोडल्या जातात. सगळ्यात शेवटी त्या वर्षी पदवी घेणारी पोरं. ती दोन-तीन तास उन्हात उभी असतात, घसा बसेपर्यंत ओरडत असतात, आणि पाळी आली की मैदानात धावत सुटतात. त्या क्षणापासून ती माजी.

सगळ्यात जुन्या तुकडीतला जो कोणी आला असेल त्याच्या हातात चांदीच्या मुठीची काठी देतात. ती १९२३ च्या तुकडीनं दिलेली. १९२५ च्या तुकडीतले एक गृहस्थ शंभरी उलटल्यावरही बरीच वर्षं ती वागवत होते. त्या काठीसाठी करावं लागतं काय? जगावं लागतं, आणि यावं लागतं.

मी उभी होते तिथून एक गोल्फची गाडी गेली. मागच्या सीटवर एक म्हातारा, मांडीवर चौकड्यांची शाल, छातीवर बिल्ला: ’५२. त्याचा हात कोपरापर्यंत उठत होता, पुढे नाही. दोन्ही बाजूंची विशी-बाविशीची पोरं ‘फिफ्टी-टू! फिफ्टी-टू!’ करून अशी ओरडत होती, जणू षटकार बसलाय. मग त्यांची ती आरोळी सुरू झाली, ‘लोकोमोटिव्ह’: हिप हिप, रा रा रा, टायगर टायगर टायगर, सिस सिस सिस, बूम बूम बूम, बा! आधी संथ, मग इंजिनानं वेग घ्यावा तशी जलद, आणि शेवटी तीनदा साल. माणसाचं नाव नाही, फक्त साल. म्हाताऱ्यानं डोक्यावरची गवती हॅट काढली, परत घातली, आणि ती उलटी बसली. शेजारच्या बाईंनी, बहुधा लेक असावी, काही न बोलता सरळ केली.

हे सालाचं प्रकरण मला फार गमतीचं वाटलं. त्यांच्या ‘प्रिन्स्टन अलम्नाय वीकली’ नावाच्या मासिकात, नाव वीकली असलं तरी आता ते साप्ताहिक नाही, कुणाचंही नाव आलं की पुढे स्वल्पविरामासारखं चिन्ह आणि दोन आकडे असतात. मिशेल ओबामा ’८५. जेफ बेझोस ’८६. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या नऊ न्यायाधीशांपैकी तिघं इथले: सॅम्युएल अलिटो ’७२, सोनिया सोटोमायोर ’७६, एलेना केगन ’८१. पीएचडीवाल्यांना त्या चिन्हाऐवजी चांदणी. गणिती अ‍ॅलन ट्युरिंग *३८, भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन *४२, गणिती जॉन नॅश *५०. नॅश तर आमच्या शेजारच्या वेस्ट विंडसरमध्ये राहायचे. त्यांना नोबेल मिळालं, गणितातलं आबेल मिळालं, पण मासिकात चांदणी आणि पन्नास. वेंडी कॉप ’८९ हिनं पदवीच्या प्रबंधात जी कल्पना मांडली तिची ‘टीच फॉर अमेरिका’ झाली, म्हणजे नव्या पदवीधरांना गरीब वस्तीतल्या शाळांत शिकवायला धाडणारी संस्था, आणि त्याच धर्तीवर २००९ मध्ये ‘टीच फॉर इंडिया’चे पहिले फेलो पुण्या-मुंबईच्या वर्गांत उभे राहिले. मासिकातल्या तुकडीच्या बातम्यांत तिच्या शेजारी कुणाच्या तरी गुडघ्याच्या ऑपरेशनची बातमी असू शकते. आणि मागच्या पानांत गेलेल्यांची.

मैत्रिणीला रांगेत एक टकला माणूस भेटला. दोघं किंचाळून गळ्यात पडली. तिचा पहिला प्रश्न, ‘अजून घोरतोस का रे?’ भिंत पातळ होती म्हणे, वसतिगृहाची. पाऊण तास दोघं बोलत होती. संध्याकाळी मी सहज विचारलं, तो काय करतो? ती थांबली. ‘ओहायोत कुठंतरी शिकवतो बहुतेक. की विकतो काहीतरी? विचारायचं राहिलंच.’

पाऊण तास! आमच्याकडे पहिल्या पाऊण मिनिटात विचारलं असतं.

म्हणजे इथं कर्तृत्वाचं कौतुक नाही असं नाही. ते वेगळ्या दिवशी उरकतात. फेब्रुवारीत, ऐन थंडीत, ‘अलम्नाय डे’ असतो. त्या दिवशी एका पदवीधराला वुड्रो विल्सन पुरस्कार आणि पदव्युत्तर शाखेतल्या एकाला जेम्स मॅडिसन पदक देतात. भाषणं होतात. त्याच दिवशी चॅपलमध्ये वर्षभरात गेलेल्या माजी विद्यार्थ्यांसाठी प्रार्थनासभा असते. सत्कार फेब्रुवारीत, भेटीगाठी मेमध्ये. ही वाटणी कुणी ठरवून केली की आपोआप झाली, कोण जाणे, पण मला ती भलतीच शहाणपणाची वाटली.

माजी विद्यार्थ्याचं मोठेपण तरी कुठं एका जागी राहतं? हा वुड्रो विल्सन म्हणजे १८७९ च्या तुकडीचा. पुढे याच विद्यापीठाचा अध्यक्ष, मग न्यू जर्सीचा गव्हर्नर, मग १९१३ ते १९२१ अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष. याहून यशस्वी माजी विद्यार्थी कुठल्या शाळेला मिळणार? तर २०२० मध्ये विद्यापीठानं सार्वजनिक धोरणाच्या कॉलेजवरून त्याचं नाव काढून टाकलं. सरकारी नोकऱ्यांत त्यानं गोऱ्या-काळ्यांची फाळणी होऊ दिली, त्याचे विचार वंशवादी होते, म्हणून. पुरस्कारावरचं नाव मात्र देणगीच्या कायदेशीर अटींमुळे राहिलं. त्याच्या तुकडीनं नासाऊ हॉलच्या, म्हणजे विद्यापीठाच्या जुन्या मुख्य इमारतीच्या, पायऱ्यांशी आधी दोन सिंह बसवले होते. पुढे विद्यापीठाचं चिन्ह वाघ झालं, तेव्हा १९११ मध्ये त्याच तुकडीनं सिंह हलवून ब्राँझचे वाघ दिले. वाघ अजून आहेत, पोरं त्यांच्या पाठीवर बसून फोटो काढतात.

मिरवणूक बघताना आणखी एक गोष्ट होते. इतिहास समोरून चालत जातो, कुणी सांगायची गरज नाही. पंचवीस वर्षंवाली तुकडी सोडली, तर सुरुवातीला जवळजवळ सगळे गोरे पुरुष. बरोबर बायका असतात, पण त्या बायका म्हणूनच, त्यांच्या छातीवर साल नाही किंवा नवऱ्याचं आहे. मुलींना प्रवेश १९६९ पासून. कृष्णवर्णीय मुलं पदवीला आली ती दुसऱ्या महायुद्धात नौदलानं तिथं प्रशिक्षण सुरू केलं तेव्हा. म्हणून सत्तरच्या आकड्यांपर्यंत रांग पोचली की तिचा आवाजच बदलतो. नव्वदनंतर आपल्यासारखे चेहरे दिसायला लागतात. एक सरदारजी नारिंगी पगडीत. एक बाई बिल्ल्याखाली चक्क पैठणीचा स्कार्फ घालून. मी ‘ओ ताई!’ म्हणून हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं, पण रांग पुढे सरकली.

आता, भोळेपणानं भारावून जायचं कारण नाही. या रांगेत उभं राहायलाच मुळात तिथं प्रवेश मिळावा लागतो, आणि तो शेकड्यात मूठभरांना मिळतो. आत आल्यावर समता पाळणं सोपं असतं. शिवाय मांडवामागे पैसा आहेच. वार्षिक देणगीची मोहीम ३० जूनला संपते, आणि मेळा मेअखेरीला असतो. हा योगायोग नसावा. तुकड्यातुकड्यांत चुरस असते, कुणाची देणगी मोठी आणि कुणाच्या तुकडीतल्या किती जणांनी दिली. पण निदान शेकडेवारी मोजताना दहा डॉलरवाला आणि दहा लाखवाला एकेकच धरतात.

हे सगळं बघताना डोक्यात आमचा मेळावा चालू होता. सातारा जिल्ह्यातली आमची शाळा, १९९१ ची दहावी. तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात झाला. आधी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप निघाला, त्यात सहा महिने गुड मॉर्निंगची फुलं आली, मग एक फॉर्म आला. नाव, सध्याचा पत्ता, शिक्षण, हुद्दा, आणि शेवटचा रकाना ‘उल्लेखनीय कामगिरी’. मी तो रिकामा ठेवला. मी इथं एका विमा कंपनीसाठी सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्याच्या चुका शोधून त्यांना नंबर देते. यात उल्लेख काय करणार?

मंगल कार्यालयात पोचले तर माझी खुर्ची स्टेजवर. मागच्या बॅनरवर ‘अमेरिकास्थित’ आणि खाली माझं नाव, तेही माहेरचं आणि सासरचं दोन्ही जोडून. माझी कामगिरी ती एवढीच, की मी लांब राहते. माझ्या एका बाजूला तहसीलदार, दुसऱ्या बाजूला एक डॉक्टर आणि एक बिल्डर, ज्यानं जेवणाचा खर्च उचलला होता. शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल. चाळीस मिनिटं मी नारळ मांडीवर धरून बसले, आणि समोर तिसऱ्या रांगेत माझ्या बाकावरच्या दोघी कानात कुजबुजत हसत होत्या. कशाला हसत होत्या ते मला आजतागायत कळलेलं नाही, आणि तेच मला त्या दिवसातलं सगळ्यात जास्त हवं होतं.

आपल्याला ही सवय शाळेनंच लावली, हेही खरं. आमच्या जिन्यापाशी काळे लाकडी फलक होते. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत आलेल्यांची नावं पांढऱ्या रंगात, टक्क्यांसह. संस्कृतच्या जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीसाठी वेगळा फलक, त्यावर एकच नाव आणि खाली बराच रिकामा काळा भाग. गुणवत्ता यादी आता बंद झाली, फलक तसेच आहेत.

त्या दिवशी एक गोष्ट मात्र झाली. सत्कार संपले, सूत्रसंचालकाच्या चारोळ्या संपल्या, आणि आमच्या वर्गशिक्षिका, ऐंशीच्या पुढच्या, म्हणाल्या, ‘आता मी हजेरी घेते.’ शिपाईमामांनी कुठूनतरी हजेरीपट शोधून आणला होता. कडा वाळवीनं खाल्लेल्या, शाई तपकिरी. माईक नको म्हणाल्या. मुलींपासून सुरुवात. एक, हजर बाई. दोन, हजर बाई. माझा नंबर चौदा. मी स्टेजवरून उठून उभी राहिले, तर बाई म्हणाल्या, ‘चौदा नंबर, वर काय करतेस? जागेवर बस.’ अख्खं कार्यालय हसलं. मी नारळ तिथंच ठेवून तिसऱ्या रांगेत जाऊन बसले. तहसीलदारही उतरले, त्यांचा नंबर बावन्न होता, आणि पूर्वीसारखंच त्यांनी ‘हजर’ आधीच्या नंबरालाच म्हणून टाकलं. सदतिसाला बाई थांबल्या. तो मुलगा पाच वर्षांपूर्वी गेला होता, त्यांना ठाऊक होतं. पानावर बोट तसंच ठेवून एक श्वास घेतला आणि अडतीस म्हणाल्या.

एकेचाळीसला उत्तर आलं नाही. ‘का नाही आला?’ कुणालाच माहीत नव्हतं. त्यानं वर्गणी भरली होती, ती मिळाल्याची खूणही ग्रुपवर होती. तो माझ्या मामाच्या गावचा, म्हणून निघण्याआधी मी फोन केला. म्हणाला, ‘फॉर्म उघडला गं. चार रकाने भरले. पाचवा आला आणि मी फोन खाली ठेवला.’ मग म्हणाला, तुझं विमान किती वाजता? मुंबईपर्यंत कोण सोडतंय? त्याची स्वतःची टुरिस्ट गाडी आहे, तो पंचवीस वर्षं मुंबई-पुण्याच्या फेऱ्या करतो. त्यानंच सोडलं. बाईंनी हजेरी घेतली हे मी खंबाटकी घाटात सांगितलं. तो बोगदा संपेपर्यंत काही बोलला नाही. मग विचारलं, ‘माझा नंबर पुकारला का?’

येत्या डिसेंबरात पुन्हा ठरतंय. परवा ग्रुपवर फॉर्म आला. मी अ‍ॅडमिनला प्रिन्स्टनची मिरवणूक, ती काठी, सगळं लांबलचक लिहून कळवलं आणि शेवटचा रकाना काढा अशी विनंती केली. अकरा अंगठे आले, दोन नमस्कार. मग अ‍ॅडमिनचं उत्तर: ‘ताई, मुद्दा पटला. पण मग सूत्रसंचालन कशावर करायचं?’

रकाना आहे तिथंच आहे. मी त्यात ‘नंबर चौदा’ लिहून फॉर्म पाठवला. एकेचाळीस नंबरचा अजून आलेला नाही, पण त्याला काल मिरवणुकीचा व्हिडिओ धाडलाय, त्या उलट्या हॅटवाल्या आजोबांचा. दोन निळ्या खुणा दिसतायत.