काट्यावरचा सुपरमॅन

मावसबहिणीच्या मुलीचं लग्न बेळगावात, टिळकवाडीत होतं. लग्नाबद्दल सांगण्यासारखं एवढंच की अक्षता वेळेवर पडल्या आणि पंगतीत मांडे होते. पुण्याहून येतानाच्या रस्त्याबद्दलही लिहीत नाही. तवंदी घाट सोडला तर त्या हायवेवर मान वळवून बघावं असं मला काही वाटत नाही, आणि मी घाटाजवळच्याच निपाणीचा, त्यामुळे तवंदी घाटाच्या बाबतीत माझ्यावर विश्वास ठेवू नका.

लिहायचंय ते कॅम्पाजवळच्या एका रद्दीच्या दुकानाबद्दल. पाहुण्यांच्या घरी दुपारी सगळे घोरत होते, मी चपला घालून सटकलो.

बेळगावची रद्दी ही साधी रद्दी नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथे. अधिकारी बदलून येतात, बदलून जातात, आणि ट्रंकेत न मावणारं सगळं कॅम्पातल्या रद्दीवाल्याकडे जातं. निपाणीत आम्हाला ‘किशोर’ आणि ‘चांदोबा’ मिळायचे. इंद्रजाल कॉमिक्सचे वेताळ-मॅन्ड्रेक १९९० मध्ये बंद पडले. पण वडिलांची जमिनीची केस बेळगावच्या जिल्हा कोर्टात होती. तारीख पडली की मीही बरोबर, आणि तारखेनंतर कॅम्पातली रद्दी. तिथे मला कुठल्या कुठल्या मेजरसाहेबांच्या मुलांनी वाचून टाकलेली अमेरिकन कॉमिक्स मिळाली. ती घरी आणून वखारीत तंबाखूच्या बोदांमागे लपवायची. आजही माझ्या जुन्या अंकांना तो वास आहे. केस आम्ही हरलो.

ही कॉमिक्स म्हणजे नव्वदच्या दशकातली. ज्यांना या विषयात गम्य आहे ते इथेच हसतील. या काळाला जगभर हसतात. प्रत्येक हिरोचे दात आवळलेले, बंदूक त्याच्या स्वतःच्या उंचीपेक्षा मोठी, खांद्यावर लोखंड, आणि अंगावर खिसेच खिसे. मांडीला खिसे, दंडाला खिसे. केबल नावाच्या हिरोचं चित्र बघून आमचे वडील म्हणाले होते, ‘हा कुठल्या डेपोचा कंडक्टर रे?’ नावंही तशीच: यंगब्लड, ब्लडशॉट, ब्लडस्ट्राइक, डेथब्लो. मुखपृष्ठ चकचकीत, कधी क्रोमियमचं, कधी होलोग्रामचं. आणि रॉब लिफेल्ड या चित्रकाराला पाय काढता येत नाहीत हा तर इतका जुना विनोद आहे की त्याला आता पेन्शन लागायला हवी.

मला ही कॉमिक्स आवडतात. ‘गंमत म्हणून’ नाही, ‘लहानपणाची आठवण म्हणून’ नाही. आवडतात.

दुकानदार साठीचे. बाहेर कन्नडमध्ये मोठी पाटी, आत मारुतीचं कॅलेंडर मराठी. कन्नड आणि मराठी पेपर एकाच भावात घेतात, इंग्रजीला किलोमागे दोन रुपये जास्त. सीमाप्रश्नावर इतका समतोल तोडगा मी दुसरीकडे पाहिलेला नाही. ‘काय हुडकालायसा?’ म्हणाले. कॉमिक्स म्हटल्यावर ‘बसा की ओ’ म्हणून स्टूल पुढे केलं आणि चहा सांगितला. चहा नको म्हणायची सोय बेळगावात नसते. लग्नघरी तेवढ्या दिवसात इतका चहा आणि कुंदा पोटात गेला होता की नुसता शब्द ऐकून ढेकर यायचा, तरी प्यालो. या गावाचा पाहुणचार प्रेमळ आहे हे मान्य, पण त्यात पाहुण्याच्या मताला फारशी किंमत नसते.

आतून सुतळीनं बांधलेला गठ्ठा आला. तो घेऊन आला दुकानदारांचा भाचा. इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीत मामाच्या दुकानात बसतो. गठ्ठ्यात वरच ‘ब्लडस्ट्राइक’चा १९९३चा पहिला अंक. मुखपृष्ठावर रक्त, आणि ते घासून बघा असं चक्क छापलेलं. बोटाच्या उबेनं फिकी होणारी शाई वापरली होती. पोरगं ते वाचून खो खो हसायला लागलं. अंगठ्यानं घासत म्हणालं, ‘अंकल, हे वाचतायसा तुम्ही? ह्याच्यावर व्हिडिओ बघितलोय मी. ह्यांना पाय काढायला येत नव्हतं म्हणे.’

अंकल. बरं.

मी चिडलो नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण चिडण्याआधी मला त्याचा टी-शर्ट दिसला. छातीवर डेडपूल, लाल मुखवट्याचा तो कॉमिक्समधला हिरो.

‘हा कोण?’ मी विचारलं.

‘डेडपूल. माहीत नाही?’

माहीत आहे म्हटलं. १९९१ साली ‘न्यू म्यूटंट्स’ या कॉमिकच्या ९८व्या अंकात पहिल्यांदा आला. लेखक फेबियन निसिएझा, आणि चित्रं काढणारा तोच, ज्याला पाय येत नाहीत. पोरानं आधी टी-शर्टाकडे आणि मग माझ्याकडे बघितलं, आणि मोबाइल काढून खात्री करून घेतली. मामा खूश. ‘घे,’ म्हणाले, ‘आणि हस.’

पण पोरगं हुशार होतं. म्हणालं, ‘ते राहू दे ओ. पण वाचायला भिकार आहेत की नाही?’ त्यावर मी काय बोलणार? पुष्कळशी आहेतच. ‘यंगब्लड’मध्ये कोण कुणाला का मारतंय हे मला अजून नीट सांगता यायचं नाही. मी त्याला दुसरी गोष्ट सांगितली. १९९२ साली मार्व्हल या बड्या अमेरिकन कॉमिक्स कंपनीचे सर्वांत खपाऊ सात चित्रकार एकत्र आले आणि त्यांनी इमेज कॉमिक्स ही स्वतःची कंपनी काढली. टॉड मॅकफार्लन, जिम ली, लिफेल्ड, एरिक लार्सन, मार्क सिल्वेस्ट्री, जिम व्हॅलेंटिनो, व्हिल्स पोर्टासिओ. मार्व्हलमध्ये राबून काढलेली पात्रं मार्व्हलच्या मालकीची व्हायची. इमेजमध्ये ज्यानं काढलं त्याचं ते. खिशांचे विनोद सगळ्यांना पाठ असतात. ही गोष्ट कुणी सांगत नाही. वखारीत दुसऱ्याच्या मालाची बोदं शिवणाऱ्या बायका बघत मी मोठा झालो, त्यामुळे मला ती जरा जास्तच लागते.

आणि मग गठ्ठ्याच्या तळाला ते पुस्तक निघालं. ‘द डेथ ऑफ सुपरमॅन’, सगळे अंक एकत्र बांधलेली १९९३ची आवृत्ती. कोपरे दुमडलेले, आत कुणीतरी पेन्सिलनं बेरजा केलेल्या.

नव्वदच्या दशकाची थट्टा करायची तर याहून सोपं गिऱ्हाईक नाही. खपासाठी सुपरमॅनला मारला, वर्षभराच्या आत परत आणला. मरतो तो ‘सुपरमॅन’ मासिकाचा ७५वा अंक काळ्या पिशवीत सीलबंद विकला होता. आत दंडाला बांधायची काळी फीत, मृत्युलेख, पोस्टर, असला सगळा दहाव्याचा थाट. लोकांनी दोन-दोन घेतले, एक वाचायला आणि एक न फोडता ठेवायला, पुढे सोन्याच्या भावानं विकू म्हणून. त्याआधी १९९१ मध्ये मार्व्हलनं ‘एक्स-मेन’चा पहिला अंक पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांत काढला, ८१ लाख प्रती गेल्या. ज्या वस्तूच्या लाखो प्रती कपाटांत जपून ठेवल्यात ती दुर्मीळ कशी होणार? बाजार आपटला, अमेरिकेतली दुकानं पटापट बंद झाली, आणि डिसेंबर १९९६ मध्ये खुद्द मार्व्हलनं दिवाळखोरीचा अर्ज केला.

हे सगळं खरं आहे. तरी मी पोराला म्हटलं, शेवटचे चार अंक काढ आणि पानावरच्या चित्रांच्या चौकटी मोज.

त्यानं मोजल्या. पहिल्यात प्रत्येक पानावर चार. मी म्हटलं पुढचा. तीन. पोरानं दोन-चार पानं उलटून पुन्हा मोजल्या, तीनच. त्याच्या पुढच्यात दोन. आता ते स्टुलावरून उठून उजेडाला गेलं. शेवटचा अंक, डॅन जर्गन्सनं लिहिलेला आणि काढलेला: पानाला एकच चित्र, पहिल्यापासून शेवटपर्यंत. सुपरमॅन आणि तो डूम्सडे राक्षस एकमेकांना मारत सुटलेत, आणि गोष्ट जसजशी मरणाकडे जाते तसतसं पान रिकामं होत जातं, चित्र मोठं होत जातं. वाचताना हे लक्षात येत नाही. नुसता श्वास लागतो. चार वेगवेगळ्या मासिकांतून, वेगवेगळ्या चित्रकारांकडून आठवड्या-आठवड्याला हा उलटा आकडा चालवला होता. ज्यांना बिनडोक म्हणतात त्या काळातल्या लोकांनी.

‘च्यायला,’ पोरगं म्हणालं. मामा रागावले नाहीत. तेही चष्मा लावून बघायला आले. इंग्रजी येत नाही म्हणाले, पण चार-तीन-दोन-एक त्यांनी बोट ठेवून मोजलं. मध्ये एक बाई पेपरांची रद्दी घेऊन आल्या, त्यांना ‘थांबा जरा’ म्हणून सांगण्यात आलं.

मला इतकं बरं वाटलं की भाव विचारायचंच राहिलं. गठ्ठा काट्यावर गेला. इंग्रजी पुस्तकं शंभर रुपये किलो. न्यूयॉर्कमध्ये लोकांनी पोरांच्या शिक्षणाची सोय म्हणून जे घेऊन ठेवलं ते बेळगावात वजनावर मिळतं, आणि क्रोमियमच्या मुखपृष्ठाचं वजन जास्त भरतं, त्यामुळे तेवढाच त्याला जादा भाव.

सुपरमॅन मात्र काट्यावर नव्हता. तो मामांच्या हातात होता.

‘हे वजनावर नाही,’ ते म्हणाले. ‘नगावर.’

भाचा मोबाइलवर काहीतरी बघून मामांच्या कानाला लागला होता. मी म्हटलं, अहो, आत्ता पाच मिनिटांपूर्वी हे रद्दीत होतं. ‘आत्ता नाही की ओ,’ मामा म्हणाले. ‘तुम्हीच सांगितलासा न्हवं चांगलं आहे म्हणून.’ सहाशे म्हणाले. बेरजा, दुमडलेले कोपरे, उसवलेली शिलाई, मी सगळे दोष दाखवले. पोरगं म्हणालं, ‘अंकल, असूं दे, मी वाचतो मग.’ साडेचारशेला तुटलं. ‘ब्लडस्ट्राइक’ पोरानं ठेवून घेतला, मित्रांना घासून दाखवायला.